बा स्लॅबखाली झोपतो

दुसऱ्यांची जुनी घरं बघायचा मला भारी नाद. डहाणूच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते, आणि २०१४ पासून दर सुट्टीत शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर कुठे ना कुठे जाते. समुद्र, बाग, बाजार यांत मला रस नाही. मला दारं, खांब, छपरं बघायची असतात. मैत्रिणी वैतागतात, पण येतात.

पहिल्या दिवाळीत आम्ही कच्छला गेलो. तिथली मातीची गोल घरं बघून मी खुळावलेच. कोपराच नाही, त्यामुळे जमीन हलली तरी तडा जायला जागा नाही, असं तिथल्या घरमालकिणीने हाताने गोल काढून समजावलं. पुढच्या मे महिन्यात हिमाचल. तिथे एका देवळाची भिंत बघितली, लाकडाचा एक थर आणि दगडाचा एक थर, मधे चुना नाही की सिमेंट नाही. देवळाची राखण करणारा म्हणाला, भूकंप आला की भिंत कुरकुरते, जराशी सरकते आणि परत जागेवर बसते. आमच्याबरोबरच्या एका आसामी कुटुंबाने सांगितलं की त्यांच्याकडेही लाकडी चौकट उभी करून मधे बोरूच्या काड्या भरतात आणि वर माती लिंपतात, म्हणजे भिंत अंगावर पडली तरी माणूस मरत नाही. मी लगेच म्हटलं, अहो, आमच्याकडे अस्संच असतं, कारवीचा कूड. त्या बाईंना फार आनंद झाला. आम्ही दोघींनी फोटो काढला.

केरळातल्या एका जुन्या घरात खांबावर किल्लीने नाव कोरणाऱ्या एका इसमाला मी असं काही झापलं की तो बायकोसकट बाहेर निघून गेला. आपल्या बापजाद्यांनी बांधलेलं आपण सांभाळायचं नाही तर कोणी, वगैरे. मैत्रिणी अजून माझी नक्कल करून दाखवतात. आधी मीही हसायचे.

हिमाचलाहून आल्यावर सहा-सात महिन्यांनी मी आमच्या बाचं घर पाडलं.

घर वेवजीला, गुजरातच्या हद्दीजवळच्या पाड्यावर. सागाच्या मेढी म्हणजे खांब, त्यांवर आढं, वासे, वर कौलं. भिंती कारवीच्या, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेल्या. पुढे ओटा, आत चूल, आणि एका अंगाला बैल. बैल आणि आपण एकाच छपराखाली. लहानपणी त्यांच्या श्वासांचा आवाज ऐकतच मला झोप लागायची, त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नव्हतं. वाटलं ते शाळेतल्या बायकांना जेवायला बोलावलं तेव्हा. आयने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडी केली होती. सगळ्या जेवल्या, घराचे फोटो काढले, किती गार वाटतं म्हणाल्या. एकीने जाताना साडीला लागलेलं शेण कागदाने पुसलं. तिने काही तोंड वाकडं केलं नव्हतं, नुसतं पुसलं. पण त्या दिवशी बसने डहाणूला येईपर्यंत माझे कान तापलेले होते. बाहेरगावच्या मातीच्या घरावर जीव टाकणारी मी, आपल्या घराच्या मातीची मला लाज वाटली. हे लिहितानाही वाटते, फक्त आता ती वेगळ्या कारणाने.

मी बाला म्हटलं, आता स्लॅबचं घर बांधू. बाने नको म्हटलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो खूश झाला. कूड म्हणजे गरिबी, हे त्याने जन्मभर तहसीलपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे ऐकलं होतं. घर पाडताना तो सगळ्यांच्या पुढे होता. जुन्या मेढी आणि वासे फेकायचे नसतात, म्हणून त्यांचाच मागे बैलांसाठी गोठा उभा केला आणि त्याला कूड घातला. पुढे विटांचं घर उठलं. गवंडी म्हणाला, तळमजलाच तर आहे, कॉलम कशाला, विटांवर स्लॅब बसतो. मी मोठ्या खिडक्या मागितल्या आणि जमिनीला टाइल्स. कॉलमचं मी काही बोलले नाही. ज्या बाईने हिमाचलात तासभर उभं राहून भिंत समजून घेतली होती, तिला हा प्रश्न विचारायचं सुचलं नाही. किंवा सुचलं आणि मी तो झटकून टाकला. खरं काय ते मला आता नीट आठवत नाही, आणि न आठवणं सोयीचं आहे हेही मला कळतं.

आमच्या पाड्यावर घर बांधायचं ते मुलाने. मुलीने बांधलेलं हे पहिलंच. बा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "पोरीनी बांधलां." तलासरीच्या बाजारात सांगायचा, बसच्या कंडक्टरला सांगायचा. टाइल्सच्या ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि कोणी आलं की चपला काढायला लावायचा. मला तेव्हा जगात काही कमी नव्हतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी वाटलं, लांब कुठे सुरुंग लावताहेत. जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, मग भांडी वाजायची, मग सगळं गप्प. पुन्हा काही दिवसांनी तेच. डहाणूत आमच्या खोलीच्या खिडक्या थरथरायच्या, तलासरीकडे जास्त. शाळा झाडाखाली भरू लागल्या. लोक ताडपत्र्या बांधून अंगणात झोपू लागले. थंडीचे दिवस, पोरं खोकत होती.

शाळेत मुलं घाबरलेली, म्हणून मी त्यांना समजावायचं ठरवलं. वर्गात भारताचा एक मोठा नकाशा मीच रंगवलेला आहे. प्रत्येक प्रदेशात तिथलं जुनं घर किंवा देऊळ काढलंय. राजस्थानात जाळीची हवेली, केरळात उतरत्या छपराचं चौकाचं घर, आसामात बोरूचं, कच्छात गोल. महाराष्ट्रात मी पुणेरी वाडा काढला होता. आपल्या तालुक्याचं घर काढायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी फळ्यावर ते काढलं. मेढ काढली, आढं काढलं, कूड काढला, आणि सांगायला लागले की बघा, छपराचं ओझं मेढी घेतात, भिंत नुसता पडदा आहे, जमीन हलली की लाकूड डुलतं. विटांच्या घरात मात्र सगळं ओझं भिंतीवर. भिंतीला तडा गेला तर वरचा स्लॅब सरळ खाली. इथे मी खडू खाली ठेवला. मुलांना वाचायला काहीतरी देऊन मी व्हरांड्यात गेले आणि आयला फोन लावला. तुम्ही झोपता कुठे, विचारलं. ती म्हणाली, घरात. बाहेर का नाही? ती म्हणाली, "त्याला विचार."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले. पाड्यावर सगळ्यांच्या अंगणात ताडपत्र्या होत्या, फक्त आमच्या नव्हत्या. कुडाच्या घरांतले लोक तर काही दिवसांपासून पुन्हा आत झोपायलाही लागले होते. त्यांची चार-दोन कौलं घसरली होती, तेवढंच. आमचं घर बाहेरून नवंकोरं दिसत होतं. शेजारची काकी मला हाताला धरून बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, जरा जवळून बघ. खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत तिरपा तडा होता. मागच्या भिंतीलाही होता. दोन्ही सिमेंटने बुजवून वर रंग मारलेला. दर धक्क्यानंतर बा तलासरीहून सिमेंटची पुडी आणायचा आणि कोणी उठायच्या आत बुजवून टाकायचा, असं काकीने सांगितलं. लोकांना दिसू नये म्हणून.

आय विहिरीवर भेटली. ती सांगत होती ते मी मान खाली घालून ऐकलं. रात्री तो झोपत नाही, भिंतीला पाठ लावून बसतो. ती झोपली असं त्याला वाटतं, पण तीही जागीच असते. काही झालं तर दोघांनी एकदमच जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आय हे भाताची लावणी सांगावी तशा आवाजात म्हणाली. मला रडूही आलं नाही, नुसती स्वतःची चीड आली.

मी घरात जाऊन बाला सरळ म्हटलं, आजपासून गोठ्यात झोपायचं. तो हसला. मग मी आवाज चढवला. तेव्हा म्हणाला, "मी भायेर झोपलो तं लोकां काय बोलतील? पोरीनी घर बांधलां न् बापच त्याला घाबरतो."

म्हणजे बा घरासाठी त्या स्लॅबखाली बसत नव्हता. माझ्यासाठी बसत होता. मला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून तो स्वतःचा आणि आयचा जीव टांगून बसला होता. हे कळल्यावर मी त्याला सगळं सांगून टाकायला हवं होतं: की घर कच्चं आहे, चूक माझी आहे, आणि ती अजाणता झालेली नाही. पण मी म्हटलं, "बा, मला भीती वाटते. मी सुट्टीत येऊन राहीन, पण या घरात मला झोप लागणार नाही." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने बैल आंब्याखाली बांधले, गोठा झाडला आणि दोघांची अंथरुणं तिकडे नेली. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, पोरगी लई भित्री हाय, तिच्यासाठी. माझी अब्रू त्याने अशीही राखली. मी तिथेच उभी होते आणि भित्री म्हणून हसूनही दाखवलं.

मग त्याने गोठ्याला लागून खोलीच बांधायला घेतली. जव्हारकडून कारवी आणली. पाड्यावरची माणसं मदतीला आली, तशी ती कुणाच्याही घराला येतात. मी सुट्टी काढून लिंपायला बसले. हात विसरले नव्हते, पाठ मात्र विसरली होती. आयने दोनदा माझं लिंपण पुसून पुन्हा केलं. मार्चात दोघं त्या खोलीत राहायला गेली.

त्यानंतर मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. शाळेची सहल तिथे नेली. इतिहासातली घरं नुसती नकाशात कशाला बघायची, अशी कल्पना माझ्याच मैत्रिणीची, पण हो मी म्हटलं. मुलं कुडाच्या खोलीपुढे बसली. मी मेढीला हात लावून ओझं कुठून कुठे उतरतं ते दाखवलं. कच्छचं सांगितलं, आसामचं सांगितलं, हिमाचलातली कुरकुरणारी भिंत सांगितली आणि तिथे आम्ही कधी गेलो होतो तेही बोलून गेले. चांगलं शिकवत होते मी. मैत्रीण बाला म्हणाली, तुमच्या मुलीला किती आधीपासून कळतं हे सगळं. बा दाराशी उकिडवा बसला होता. मुलांइतक्याच लक्षाने तो ऐकत होता. माझं शिकवणं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

बस गेल्यावर मी मागे राहिले. आय भांडी घासायला विहिरीवर गेली होती. बा मेढीला हात लावून बघत होता, मी लावला होता तिथेच.

"ह्यां तुला घर बांधायच्या आधीच म्हायीत होतां?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

तो रागावेल असं वाटलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पुढच्या घराकडे बघत राहिला, टाइल्सच्या ओट्याकडे, त्याच्या खुर्चीकडे. विहिरीवरून आयच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग तो उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आयला नको सांगूस."

मी अजून सांगितलेलं नाही.