अर्धं झाकण

आत्याच्या लॅपटॉपचं झाकण अर्धंच उघडायचं. त्याहून वर नेलं की पडदा काळा. भावाच्या दुकानात कुणी गिऱ्हाइकाने तो सोडून दिलेला. फुकटच्या वस्तूबद्दल कुरकुर करणं म्हणजे कृतघ्नपणा. म्हणून आत्या मान मोडून त्या फटीत बघत लोकांची हस्तलिखितं टाइप करायची. सासर सोडून आल्यापासून ती दादाकडेच होती, मुलांच्या खोलीत झोपायची. "हे तुझंच घर आहे," असं वहिनी तिला वरचेवर सांगायची. आपल्या घराबद्दल हे कुणाला सांगावं लागत नाही.

"बिजागरीपाशी केबल चिरलीय," दादा म्हणायचा. "चुटकीसरशी होईल." खालच्या मजल्यावर त्याचा धंदाच लॅपटॉप दुरुस्तीचा. चुटकी मात्र काही वर्षं वाजायची राहिली होती. बाहेर दाखवायचीही सोय नव्हती. "घरात दुकान असताना? लोक तोंडात शेण घालतील."

मग परगावच्या एका छापखान्याने तिला परीक्षेला बोलावलं. पास झाली की नोकरी पक्की, शिवाय तिथेच राहायला खोली. आतून कडी लावता येईल अशी. खोलीचं ती घरात बोलली नाही. घरबसल्या काम आहे, म्हणाली. परीक्षा ऑनलाइन होती आणि कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा होता. अर्ध्या झाकणातून दिसायचे नुसते हात.

आदल्या दिवशी दादाने पाने-पेचकस काढले. गिऱ्हाइकाचं यंत्र असलं की तो कागदावर आकृती काढून एकेक स्क्रू आपापल्या जागी चिकटवून ठेवतो. हे घरचं. सगळे स्क्रू एका बशीत. केबल बदलली, झाकण पूर्ण उघडलं, पडदा लख्ख. आत्याने मान सरळ केली. दादाने शेवटचा स्क्रू आवळला. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू गेला, कट्‌ झालं, आणि पडद्यावर कोळ्याचं जाळं पसरलं.

"अगं बाई! आता?" वहिनी म्हणाली.

"कॅमेरा चालतोय ना? टीव्हीला जोडू," दादा म्हणाला. "दुकान घरात असल्याचा फायदा काय मग?"

परीक्षा अशी दिवाणखान्यात झाली. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून घरदार भिंतीला चिकटून बसलं. आवाज ऐकण्याची सोय त्या परीक्षेत नव्हती, त्यामुळे कुणी तोंड आवरलं नाही.

"हळू सरकव गं, मलाही वाचू दे," वहिनी शेंगा निवडता निवडता म्हणाली.

शेवटचा प्रश्न टीव्हीभर आला. नुकतंच वाचायला शिकलेल्या भाचीने तो खणखणीत वाचला, "नोकरीच्या ठिकाणी कायम राहायला याल का? होय. नाही."

वहिनीचे हात थांबले. "राहायला म्हणजे?"

"सगळ्यांनाच विचारत असतील," दादा म्हणाला. "दे की उत्तर. सोपं तर आहे."

आत्याने माउस हलवला. एवढ्याशा पडद्यावर जे बोटभर सरकलं असतं, ते इथे हातभर सरकत होतं. बाण 'होय'च्या काठाशी जाऊन थांबला. वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा बाणाकडे बघत होता. भाची म्हणाली, "आत्या, तू कुठे जाणारेस?"

बाण उलटा फिरला. आत्याने 'नाही' दाबलं.

"बरोबर," दादा म्हणाला. "हे तर मलासुद्धा आलं असतं."