खाटकाची काडी

बापानं फेकलेला स्टीलचा मग काडीच्या तोंडावर बसला आणि तिचा पुढचा दात मुळापासून हलला. तो जिभेनं दाबून धरत तिनं उरलेली बादली बापाच्या अंगावर ओतली, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि मगच आरशात पाहिलं. दात तिरका झाला होता, हनुवटीवर रक्ताचा ओघळ होता.

"बघा काय केलंत," ती म्हणाली.

बापानं बघितलं, पण ओळखलं नाही. ओल्या मुठीनं त्यानं तिच्या कानशिलावर आणखी एक ठेवून दिली.

हे रोजचंच होतं. बाप म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावरचा खाटीक. चाळीस वर्षं त्यानं सोललेली धडं खांद्यावरून वाहिली होती. आता वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षांपासून डोकं पुसत चाललं होतं. आधी दुकान गेलं, मग मेलेली बायको गेली, मग मुलं गेली. मूठ मात्र काही विसरायला तयार नव्हती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं लोक म्हणतात. या घरात शेपूट गेलं होतं आणि नव्वद किलोचा हत्ती न्हाणीघरात उभा होता.

काडी त्याची मुलगी. वय सेहेचाळीस, वजन बेचाळीस किलो. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत बापाबरोबर राहायची आणि लोकांचे कपडे शिवायची. काडी हे नाव बापानंच पाडलेलं. लहानपणी त्यानं तिच्या दादाला गुरासारखं बडवलं होतं, पण हिच्यावर कधी बोट उचललं नाही. "हिला मारायचं तरी कुठं? मोडेल ना!" असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. त्यामुळे आता त्याचा प्रत्येक ठोसा तिला दोनदा लागायचा. एकदा हाडाला लागायचा. नंतर, आपण काडीला मारतोय हे त्याला ठाऊकच नाही, या विचारानं लागायचा. दुसरा मार जास्त दुखायचा आणि त्याच्यावर मलम नव्हतं.

दादा दोन तासांच्या अंतरावर राहायचा. रविवारी यायचा, बापापासून चार हात लांब खुर्ची टाकायचा आणि तिथून शेळ्या हाकायचा. त्या रविवारी त्यानं दात पाहिला.

"हे काय गं?"

"मशीनवर आपटले."

"शिलाईचं मशीन दात पाडतं होय? मला शिकवू नकोस. लहानपणी मी पण दारावर आपटायचो." तो उठून उभा राहिला. "ऐक. यापुढं तुझ्या तोंडावर एक ओरखडा जरी दिसला ना, तर त्याच दिवशी गाडी आणीन आणि त्यांना संस्थेत टाकीन. सही माझी चालते."

संस्था म्हणजे गावाबाहेरची विसरभोळ्या म्हाताऱ्यांची संस्था. काडीला ती चांगली माहीत होती. मागच्याच वर्षी तिथल्या व्यवस्थापकानं तिला काम दिलं होतं. साठ मनगटपट्टे, बाहेरून मऊ सुती कापड, आत स्पंज, दोन्ही टोकांना लांब बंद. "दुहेरी शिलाई मारा हो, फार ताणतात," तो म्हणाला होता. पट्टे पोचवायला गेली तेव्हा तिनं ओळीनं आठ खाटा पाहिल्या, आणि खाटांच्या दांड्यांना बांधलेले सोळा हात पाहिले. जे मारतात त्यांचे हात बांधतात, असं तिथल्या सेवकानं सांगितलं. बाप तर मारणारच होता. आपण शिवलेल्या पट्ट्यात त्याची मनगटं अडकलेली तिला दिसायला लागली आणि तिला अन्न गोड लागेना.

मार चुकवता येत नव्हता, न्हाणीघर चार फुटांचं होतं. म्हणजे हात धरायला हवा. आणि तो धरायचा तर अंगात काहीतरी हवं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काडीनं फोनवर शोधाशोध केली. व्यायामाच्या व्हिडिओत एक गुलाबी कपड्यातली पोरगी सापडली. "नव्वद दिवस, रोज पन्नास मिनिटं, सुट्टी नाही, सबब नाही, मैत्रिणींनो!" असं ती दात दाखवत ओरडत होती. तिचे सगळे दात जागेवर होते.

व्यायामाची जागा म्हणजे खालचं बंद दुकान. पांढऱ्या फरश्या, मधोमध नाली, सुऱ्यांचे वार झेलून खोलगट झालेला लाकडी ओंडका आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली, मांस टांगायच्या आकड्यांची लोखंडी दांडी. बाप सातला उठायचा. काडी साडेपाचला खाली उतरायची, आकडे एका बाजूला सरकवायची आणि दांडीला लटकायची. डंबेल नव्हते, पण तराजूची पाच-पाच, दहा-दहा किलोंची वजनं कोपऱ्यात पडूनच होती.

पहिल्या दिवशी तिला एक जोर काढता आला नाही. हात थरथरले, कोपरं सुटली आणि हनुवटी फरशीवर आदळली. "हसत हसत, मैत्रिणींनो!" फोन म्हणाला. "तुझ्या तोंडात माती," काडी म्हणाली आणि नालीत ओकली. चौथ्या दिवशी जिना उतरताना मांड्यांनी दगा दिला आणि ती सहा पायऱ्या बसून खाली आली. आठव्या दिवशी दांडीनं तळहाताची सालटी काढली. कापडाच्या पट्ट्या गुंडाळून ती पुन्हा लटकली. पट्ट्या लाल झाल्या तशा बदलल्या. तेहतिसाव्या दिवशी बापानं दरवाजा आपटला, त्यात तिची करंगळी सापडून मोडली. करंगळीला बाजूच्या बोटाशी बांधून तिनं त्या आठवड्यात फक्त बैठका मारल्या, रोज तीनशे. ताप आला तेव्हा तापात मारल्या. शरीराशी कुणी इतकं वैर धरू नये, पण तिला दुसऱ्या कुणाशी धरता येत नव्हतं.

समोरच्या इस्त्रीवालीनं शटरच्या फटीतून हा तमाशा पाहिला. "काय गं, आखाड्यात उतरतेस की काय? काडीपैलवान!"

"पैलवान म्हणा. काडीचं नंतर बघू."

रविवारी दादा यायचा तेव्हा ती सर्दीचं निमित्त करून तोंडाला मास्क लावायची. "तुझी सर्दी काही जात नाही," तो म्हणायचा आणि निघून जायचा.

अठ्ठावन्नाव्या दिवशी बापाची मूठ आली आणि काडीनं ती हवेतच पकडली. बापानं आपल्या मनगटाकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं. त्याला नवलच वाटलं असावं. मग त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती बादलीवर पडली, बादली फुटली, आणि पाण्यात बसल्या बसल्या तिला कळलं की नुसत्या ताकदीनं भागणार नाही. हात धरला की पाय येतो.

आणि तिला आठवलं, याचं उत्तर घरातच आहे. दहा वर्षांची असताना ती दुकानामागच्या अंगणात बादली घेऊन उभी राहायची आणि बाप एकट्यानं दांडगं जनावर खाली घ्यायचा. ओढाताण नाही, आरडाओरडा नाही. "पाय धरायचे नाहीत, काडे. पाय धरतो तो लाथ खातो. खांदा बगलेत घाल, हनुवटी वळव. मान जाईल तिकडं धड जातं." दुसऱ्या दिवशी तिनं शिवणकामाच्या उरलेल्या चिंध्या पोत्यात ठासून भरल्या, आत दोन वजनं टाकली, वर उशीचं डोकं शिवलं. रोजच्या पन्नास मिनिटांनंतर ती त्या पोत्याला शंभरदा खाली घ्यायला लागली. खांदा, हनुवटी, गुडघा. तीन आठवडे झाले तेव्हा उशीची मान तीनदा उसवली होती.

एक्क्याऐंशीव्या दिवशी ती मशीनवर बसली होती. बाप मागून आला आणि त्यानं टेबलावरची मोठी कात्री उचलली.

"माझ्या दुकानात चोर!" तो गरजला.

"बाबा, मी आहे. कात्री ठेवा."

पहिला वार तिनं हातावर घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत बाही उघडली आणि मागोमाग कातडी. दुसरा वार गळ्याकडे येत होता. काडी मागं हटली नाही. ती आत घुसली, खांदा बगलेत घातला, तळहातानं हनुवटी वळवली आणि नव्वद किलोंचा बाप डाव्या कुशीवर जमिनीवर आला. कात्री सरकत मशीनखाली गेली. तिचा गुडघा त्याच्या खांद्यावर, हात जबड्यावर, त्याची मान ताणलेली. सगळं चार श्वासांत झालं.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, इतका आनंद तिला आयुष्यात क्वचितच झाला होता. तीन वर्षांचे ठोसे, दात, करंगळी, सगळं तिच्या गुडघ्याखाली होतं. आणखी दाबावंसं वाटलं, आणि तिनं दाबलं.

मग तिच्या लक्षात आलं की तो झटापट करतच नाहीये. त्यानं पाय पोटाशी घेतले होते. डोळे उघडे होते आणि छताला लागले होते.

"धार बघितलीस का?" बाप म्हणाला. आवाज त्याचाच होता, दुकानातला, कामाचा. तीन वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता.

"काय?"

"सुरीची धार. बोथट असली की जनावराला त्रास होतो." मग त्यानं आपणहून हनुवटी आणखी वर केली, गळा पुरता उघडा केला. "हात हलू देऊ नकोस. एकदाच ओढायची."

काडीनं हात असा काढला जणू तव्यावर पडला होता. या धरण्यानंतर काय येतं हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि तिनं त्याचा विचारच केला नव्हता. दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याला ही धरपकड नुसती धरपकड वाटली असती. यानं हजारो जनावरं अशीच खाली घेतली होती आणि एकही पुन्हा उठलं नव्हतं.

त्या दिवसापासून बापानं हात उगारला नाही. सकाळी ती मग घेऊन न्हाणीघरात शिरली की तो ओल्या फरशीवर डाव्या कुशीला आडवा व्हायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, मान वर करायचा आणि थरथरत वाट बघायचा. कधी त्याला तिथंच लघवी व्हायची. "बाबा, मी काडी. आंघोळ घालतेय, उठा." तो उठायचा नाही. ती तशीच, आडव्या बापाला पाणी घालायची. भरवायला ताट आणलं तरी तो आधी तिच्या हातात सुरी आहे का ते बघायचा. तिला रडू यायचं, मग स्वतःचा संताप यायचा, मग खाली जाऊन ती चिंध्यांच्या पोत्याला लाथा घालायची.

रविवारी दादा आला. बाप कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसला होता. दादानं पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढली, बापाच्या गुडघ्यावर हातसुद्धा ठेवून पाहिला.

"अरे वा! गरीब गाय झाले की. काय जादू केलीस?" त्यानं तिचा मास्क खाली ओढून चेहरा निरखला. "एक ओरखडा नाही. मग राहू देत इथंच. जिंकलीस बाई तू."

"दादा, गाडी आण."

"आता कशाला?"

"त्यांना संस्थेत ने. उद्याच."

"डोकं ठिकाणावर आहे का? तीन वर्षं त्यांच्यासाठी हाडं झिजवलीस, आणि आता ते मारत नाहीत तर—"

"मारत नाहीत कारण मी त्यांना कापणार आहे असं त्यांना वाटतं." तिनं हात पुढं करून कात्रीची टाके घातलेली जखम दाखवली आणि सगळं सांगितलं, दाबलं तेही सांगितलं. "रोज सकाळी ते मरायला तयार होतात, दादा. रोज. आणि मी साबण लावते."

दादा खुर्चीवरून उठला. मग गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला, त्या त्याच्या हातातच होत्या.

संस्थेच्या दारात काडीनं व्यवस्थापकाला गाठलं. "त्यांचे हात बांधू नका. ते मारत नाहीत."

"मारत नसतील तर कशाला बांधू? पण मारलं तर बांधणार, आधीच सांगतो."

बाप मागं न बघता आत गेला. घरी आल्यावर तिनं दुकानात उतरून फोनवर व्हिडिओ लावला, गुलाबी पोरगीनं उडी मारली, आणि काडी ओंडक्यावर बसून नुसती बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. व्यवस्थापक तापला होता. "शांत आहेत म्हणाला होतात ना? आज आंघोळीला नेलं तर आमच्या माणसाचं नाक फोडलं! टाके पडले त्याला. दुसरा सोडवायला गेला, त्याचा अंगठा चावला."

काडी उभी राहिली. "आडवे झाले का ते? फरशीवर? मान वर केली?"

"आडवे कसले! उभ्यानं शिव्या देत होते. तिघांना आवरेनात. शेवटी बांधावंच लागलं. तुम्हाला आधीच बजावलं होतं मी."

पट्ट्याची दुहेरी शिलाई, तिचीच, डोळ्यांपुढं आली आणि तिनं टेबलाची कड घट्ट धरली. तरी तिनं विचारलंच.

"घाबरलेत का हो ते?"

"ते?" पलीकडून तो किंचाळला. "अहो बाई, घाबरलोय आम्ही!"

काडीनं फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. जेवताना ती रडत होती.