तयार भागांची जुळणी

परळच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसते. चिडली की चष्मा काढून बोलते. हॉस्पिटलला आग लागली तर माणसं कशी बाहेर पडतील, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं काम तिच्याकडे होतं. त्यावरून हॉस्पिटलचे नवे जिने बांधायचे होते.

"प्रोग्रामचे भाग तयार आहेत. निवड आणि जोड. त्यात काय एवढं?" साहेब म्हणाले.

"एकेक भाग बरोबर आहे, सर. पण कुठले एकत्र चालतील हे शोधणंच कठीण आहे. एक भाग वाढला की तपासायच्या जुळण्या दुप्पट होतात."

साहेबांनी स्वतःच चार भाग जोडून हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांना दाखवले. ती भर मीटिंगमध्ये उभी राहिली. "यात सगळे पेशंट धावतायत. खाटेवरचे कुठे आहेत?"

डॉक्टरांनी जिन्यांचं काम तिथंच थांबवलं. आणि उद्धट म्हणून साहेबांनी प्रोजेक्टवरून काढलं कोणाला? तिला!