बांधावरचा पाइन

बांधावरच्या झाडाला बोराएवढी फळं धरलेली दिसली आणि मी बुलढाण्याला जायचं पक्कं केलं.

ते झाड पाइनचं, असं घरात सगळे म्हणतात. बद्रीनाथच्या यात्रेत आम्ही दोघांनी पाइन पाहिले होते. खाली पडलेल्या जुड्या उचलून यांनी मला मोजून दाखवलं होतं, प्रत्येक जुडीत सुईसारखी तीन पानं. तिथलं मुठीएवढं फळ अजून फडताळात आहे. पुढे यांनी बुलढाण्याच्या एका रोपवाटिकेतून रोप आणलं, पण ते लावायच्या आधीच हे गेले. तीन वर्षं झाली. थोडी राख नदीत सोडली, उरलेली शेताच्या बांधावर खड्डा करून टाकली, राखेचं गाडगंही त्यातच फोडलं आणि वर ते रोप लावलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पुण्याला लेकीकडे होते. जाताना रोप पिवळं होतं, आले तर हिरवंगार. दीर वसंतभाऊ म्हणाले, "पाणी टाकलं, सुधरलं." पण पाइन सुरुवातीला हळू वाढतो असं मी वाचलंय, आणि आमचा दोन वर्षांत माझ्या डोक्यावर गेला. रोप बदललं असेल तर खड्डा उकरला असणार. मग त्यातली राख कुठे टाकली?

झाडाची एक फांदी पिशवीत घातली आणि वसंतभाऊंनाच सोबत घेतलं.

"वैनी, झाडच तं आहे. काऊन एवढा खटाटोप?"

"तुम्हाला का नको वाटतंय?" मी विचारलं. त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडे तिकिटाचे पैसे पुढे केले.

वडनेरहून मलकापूर, तिथून मोताळामार्गे बुलढाणा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तेव्हा गाडी करायची गरज नाही. मलकापूरला आलुबोंडा गरम मिळाला, रस्सा मात्र कालचा असावा. होळीच्या आधी जात असाल तर राजूर घाटात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बघा. साग उघडे पडलेले असतात आणि ओढ्याकाठची जांभळं, करंज तेवढी हिरवी उठून दिसतात.

त्या रोपवाटिकेत मी आधी कुंड्या पाहिल्या. मोरपंखीची पानं चपटी, हाताने दाबून ठेवल्यासारखी. 'ख्रिसमस ट्री' म्हणतात त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने निघतात आणि पानं टोचतात. कोपऱ्यात 'पाइन' अशी पाटी होती. तिथली एक काडी मी ओढली, तर ती पेरापेराने सुटत गेली. पिशवीतल्या फांदीची ओढली, तीही तशीच सुटली.

"हे सुरूचं झाड, समुद्रकाठी असतं ते," मी म्हटलं. "पाइनची पानं अशी तुटत नाहीत."

मालक हसला. "गिऱ्हाईक पाइन मांगते, म्हून पाटी लावली ताई. खरा पाइन आपल्या उन्हात टिकते काय? आम्ही कधी ठेवलाच नाही." मग त्याचं लक्ष माझ्या मागे गेलं. "अरे भाऊ, तुम्ही! तेवढ्याच उंचीचं पाह्यजे म्हून काडी घेऊन मोजत होते ना? लागलं काय ते?"

वसंतभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "पह्यलं वाळलं होतं, वैनी. तुमाले कसं दाखवू?"

"खड्डा?"

"तोच. मुळाएवढी माती काढली फक्त. खाली हात नाही लावला. दादाची शपथ."

"गेलेल्या माणसाची शपथ फुकट असते, भाऊजी."

परतीच्या गाडीत दुसरंच डोक्यात फिरू लागलं. म्हणजे यांनी आणलेलं पहिलं रोपही सुरूचंच. जुडी मोजून दाखवणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल? की कळूनही माझ्यासाठी पाइन म्हणाले? मालकाच्या बोलण्यावरही माझा पुरता भरवसा नाही. हे आता कोणाला विचारणार?

घरी न जाता शेतात गेले. झाडाशेजारी बसून खुरपीने माती काढायला लागले. वसंतभाऊ बांधाच्या टोकाला उभे होते, जवळ आले नाहीत. वीतभर खाली खुरपी गाडग्याच्या खापरीवर वाजली. बोटाने माती सारली. खापरीला राखाडी थर होता आणि सुरूची बारीक मुळं तिच्यावर चिकटून बसली होती.

मी माती परत लोटली.

"झाला इस्वास?" त्यांनी विचारलं.

"पाण्याची बादली आणा," मी म्हटलं. "मुळं उघडी पडली होती."