वाजवायचं राहिलेलं चाक

बिडाचं चाक खोटं बोलत नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो. मी फिटर माणूस, तोंडाने फटकळ. नाशकातल्या लाकडाच्या वखारींत जुनं यंत्र विकायचं निघालं की किंमत करायला मला बोलावणं यायचं. बेअरिंग किती सैल झालंय ते बघायचं, शाफ्ट फिरवून बघायचा आणि शेवटी चाकावर हलकेच हातोडी मारून कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर चाक धड. बद्द वाजलं तर आत तडा. तडा गेलेलं चाक वेगात फुटलं तर समोर उभा असलेला माणूस गेलाच म्हणायचा. असलं यंत्र मी सरळ भंगारात काढायला लावायचो.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, देवळाली कॅम्पच्या रस्त्याला स्वतःची वखार टाकायला निघाले. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका वखारीत पट्टीच्या करवतीचं विलायती यंत्र विकाऊ होतं. पुरुषभर उंच, एक चाक वर, एक खाली, दोन्हींवरून फिरणारी करवतीची पट्टी. दाजींना दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता, म्हणून मला तिथं नेलं ते नेमकं खंडेनवमीला.

यंत्राची पूजा झाली होती. चाकांना झेंडूच्या माळा, त्यांवर हळदीकुंकवाची बोटं. रंग मात्र अगदी ताजा, हिरवागार.

"विकायच्या यंत्राला रंग कशाला दिला हो?" मी मालकाला विचारलं.

"सण आहे ना," म्हातारा एवढंच बोलला.

दोन गडी प्रसाद वाटत होते. ते यंत्राच्या मागून वळसा घालून जात, समोरून कुणी जाईना. ते बघून मी पिशवीतून हातोडी काढली, तसा म्हातारा आडवा आला.

"आज हत्यारावर घाव घालायचा नाही. आज ते देव आहे."

"देव विकायला काढलाय तुम्ही, आणि मला शिकवता?" मी उखडलोच.

दाजींनी माझा हात धरला. "दादा, असू द्या. आजच्या दिवशी अपशकुन नको. नंतर वाजवा की, कुठं पळून जातंय ते!"

माझी पाने-पक्कडही त्या दिवशी घरी पाटावर मांडलेली होती. हातोडी तेवढी मी बायकोची बोलणी खात उचलून आणली होती. आता ती मुकाट्याने पिशवीत गेली. तिथूनच उठून यायला हवं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी आकडा सांगून बसलो, चाक धड धरून. मूर्खपणा, दुसरं काय!

दसऱ्याला यंत्र ट्रकमधून दाजींकडे गेलं. चाक वाजवायला जायचं रोज डोक्यात यायचं, आणि रोज आज जाऊ, उद्या जाऊ. पंधरा दिवसांनी गेलो तर रस्त्यावरूनच करवतीचा आवाज आला. दाजी चाकासमोर उभे राहून सुरगाण्याकडचा साग चिरत होते.

"बंद करा आधी ते!" मी ओरडलो. त्यांनी हसून हात केला. चाक थांबेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

खालच्या चाकावर हातोडी मारली. बद्द. पुन्हा मारली, तेच. रंग खरवडला तर आऱ्यापासून काठापर्यंत चीर, रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग चढवलेला. त्या म्हाताऱ्याकडे धावलो, तर वखारीला कुलूप. जागा विकून तो कुठल्या गावी गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"जीव वाचला समजा, दाजी. भंगारात काढा," मी परत येऊन म्हणालो.

बहीण दारात उभी होती. अंगावरचं सगळं सोनं तिने या यंत्रापायी उतरवलं होतं.

"भंगारात कशाला?" दाजी हळूच म्हणाले. "किंमत तुम्ही केलेलीच आहे. तुमच्या शब्दावर कुणीही घेईल. रंग पुन्हा मारतो."

मी त्यांना नको नको ते बोललो. बहीण एका शब्दाने मध्ये पडली नाही, आणि तेच मला सोसलं नाही. लाज वाटते सांगायला, पण गिऱ्हाईक आलं त्या दिवशी मी तिथं हजर होतो.

मनमाडकडचा सुतार होता, सोबत त्याचा नुकतंच लग्न झालेला भाऊ. सुताराने यंत्राला फेरी मारली आणि माझ्याकडे आला.

"दादा, मला यातलं लय काय कळत नाय. चालवणार हा माझा भाऊ. तुम्ही सांगाल ते खरं. चाक बरं हाय ना?"

भाऊ चाकाच्या अगदी समोर उभा राहून हिरव्या रंगावरून हात फिरवत होता.

मी बहिणीकडे बघितलं आणि म्हणालो, "बरं आहे."