दोन पिनांचं गार्ड

आमच्या भावजींना नदीवरचे सगळे 'गार्डसाहेब' म्हणत. साहेबपणाचं त्यांच्यात काही नव्हतं. कोपराला ठिगळ लावलेला निळा कोट, कानामागे खडू, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याला पळता भुई थोडी. विषय एकच, जेटबोटीचा शाफ्ट. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाचा मोठा भाऊ म्हणून ते आमच्या घरी आले आणि तासभर मला शाफ्ट समजावून गेले. मुलाबद्दल चकार शब्द नाही.

समजावलं मात्र असं की आजही तोंडपाठ आहे. शर्यतीच्या जेटबोटीत मधोमध इंजिन असतं आणि शेवटी पंप. पंप नदीचं पाणी ओढतो, मागे फेकतो, त्या जोरावर बोट पळते. इंजिन आणि पंप यांना जोडणारा हातभर लांबीचा पोलादी दांडा म्हणजे शाफ्ट. दोन्ही टोकांना एकेक सांधा, मिनिटाला सहा हजार फेरे. एक सांधा तुटला की दांडा मोकळा सुटतो आणि इंजिन बंद पडेपर्यंत जे समोर येईल ते फोडत राहतो. बोटीचा तळ, इंधनाची टाकी, माणसाचे पाय. म्हणून शाफ्टभोवती जाड पोलादाची दोन कडी आणि वर झाकण घालायचं. तेच गार्ड. भावजी ज्याच्या हाताखाली काम शिकले तो मिस्त्री असाच गेला. मिस्त्रीला बोटीतून बाहेर काढल्यावर त्याचे पाय आणायला भावजींना पुन्हा आत जावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांनी गार्डाशिवाय दुसरं काही बनवलं नाही.

वर्कशॉपच्या माडीवर ते एकटे राहायचे, जेवायला आमच्याकडे यायचे. माझा नवरा त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, त्यांनीच वाढवलेला. आणि वेड कसलं, तर नेमकं शर्यतीचंच! बोट त्याचा मित्र चालवायचा. हा मागच्या सीटवर, इंजिनावर लक्ष ठेवायला. त्या सीटवर बसलं की शाफ्ट पोटरीपासून वीतभर अंतरावर फिरतो.

भावजींचं जुनं गार्ड आठ बोल्टांचं होतं. सांध्यांना दर फेरीआधी ग्रीस लागतं आणि त्यासाठी आठ बोल्ट काढायचे, घालायचे, म्हणजे अर्धा तास. लोक वैतागायचे. मग त्यांनी वर्षभर डोकं लावून दोन पिनांचं गार्ड काढलं. पिना ओढा, गार्ड उचला, ग्रीस मारा, पुन्हा बसवा. मिनिटभराचं काम. सगळ्या नदीकाठाने वाहवा केली. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले, एवढा त्यांचा आनंद.

पण पुढच्या हंगामात लोक येऊन फक्त खालच्या बैठका मागू लागले, ज्या बोटीला कायमच्या बसवायच्या आणि वर गार्ड अडकवायचं. बैठका गेल्या एकोणीस, गार्डं गेली चार. भावजी जेवताना म्हणाले, "धाकटीबाई, खुर्च्या एकोणीस आणि माणसं चार, असा कुठला समारंभ असतो?"

मला ठाऊक होतं. अख्ख्या नदीला ठाऊक होतं. शर्यतीआधी तपासनीस एकेक बोट बघत पुढे सरकायचा, आणि बघून झालेल्या बोटीवरचं गार्ड पिना ओढून त्याच्या पाठीमागून पुढच्या बोटीवर जायचं. एका गार्डावर पाच बोटी पास. आठ बोल्ट असते तर हे जमलंच नसतं. शिवाय वजन वाचायचं. अर्ध्या सेकंदासाठी ही माणसं स्वतःचे दातही काढून ठेवतील.

भावजी तपासनिसाकडे गेले. तो म्हणाला, "मी बघितलं तेव्हा होतं. आता काय प्रत्येक बोटीत बसून जाऊ?" मग त्यांनी परत बोल्ट लावायला घेतले, तर एकही गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी त्यांनी भावाला विचारलं, "आपलं तरी असतं ना रे जागेवर?"

"असतं की दादा. तुझी शप्पथ."

अपघात झाला त्या दिवशी नवऱ्याची बोट पहिल्या रांगेत होती. तपासणी झाली, शेजारचा म्हणाला, "जरा दे रे, लगेच आणतो." ह्याने दिलं. गार्ड परत यायच्या आत निशाण पडलं. तिसऱ्या वळणावर पुढचा सांधा तुटला. बोटीचा तळ फुटला, ती उलटून बुडाली. नवऱ्याचा उजवा पाय मांडीपासून गेला, डाव्यात सळई आहे. शेजारच्याची बोट दुसरी आली, आमचं, भावजींनी सतरा नंबर कोरलेलं गार्ड अंगावर घेऊन. त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

शर्यती भरवणाऱ्या क्लबचा नियम असा, की सुरक्षेचं सगळं साहित्य जागेवर असेल तरच उपचारांचा भार क्लब उचलणार. अजून दोन शस्त्रक्रिया बाकी होत्या. चौकशी समितीपुढे प्रश्न एकच होता, गार्ड होतं की नव्हतं? बोट वर काढली तेव्हा बैठक होती, गार्ड नव्हतं.

दवाखान्याच्या जिन्यात मी भावजींना गाठलं. हात जोडले. म्हटलं, "तुम्ही म्हणालात होतं, तर होतं. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, "होतं म्हटलं, तर मग गेलं कुठे, हेही सांगावं लागेल, धाकटीबाई."

"सांगा की काहीतरी."

मला कळत होतं मी काय मागते आहे. उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. नवऱ्याचा दुसरा पाय वाचवायचा होता, बाकी जग खड्ड्यात गेलं तरी चालणार होतं.

त्यांनी शेजारच्याकडून सतरा नंबर परत आणलं आणि नंबर ग्राइंडरने घासून टाकला. तो शेजारी कशाला तोंड उघडतोय! समितीपुढे भावजी म्हणाले, "गार्ड होतं. माझ्या पिना धक्क्याने निसटल्या, गार्ड उडून पाण्यात गेलं. दोष माझ्या कामाचा आहे." सही केली आणि वर्कशॉपवर जाऊन बसले.

नवऱ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. आता कुबड्या घेऊन घरात फिरतो, भावाकडे बघत नाही. आणि नदीवर बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? गार्डसाहेबाचं गार्ड ऐनवेळी उडालं. ज्यांच्याकडे होती त्यांनीही काढून भंगारात घातली. क्लबने यादीतून गार्डच वगळलं, 'उपयोग सिद्ध न झाल्याने'. भावजींनी ते पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे पाणी मागितलं. त्यानंतर त्यांनी वर्कशॉपला कुलूप लावलं नाही, पण मशीनही सुरू केलं नाही. रोज आठ वाजता जाऊन बसायचे.

गेल्या महिन्यात मी त्यांचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा दारात एक बाई आल्या. साठीच्या, अंगावर स्वच्छ इस्त्रीचे कपडे. आठ दिवसांपूर्वी नदीवर एक मुलगा गेला होता, शाफ्टनेच. त्याच्या आई. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत.

"तुमचंच गार्ड होतं त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "जुनं, आठ बोल्टांचं. तो काढत नव्हता. मीच मागे लागले. म्हटलं, ज्याने बनवलं तोच माणूस सांगतोय ते टिकत नाही, मग ती धोंड कशाला वाहतोस? उद्या तेच उडून डोक्यात बसेल. माझं ऐकून काढलं त्याने."

भावजी उभे राहिले होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आठ रात्री झोप नाही मला. तुम्ही जाणकार. एवढंच सांगा, मी बरोबर केलं ना? ते असून उपयोग नव्हताच ना?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा हातात घट्ट धरून जमिनीकडे बघत राहिले. खरं बोलले असते तर त्या बाई तिथेच मेल्या असत्या. आणि माझा नवरा घरी होता, क्लबच्या पैशांवर उभा राहिलेला.

"नव्हता, ताई," भावजी म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले.