मागचा उजवा पाय

बाबा गेले त्यानंतर मला कुठे बसवेना. मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, गावाहून रोज बसनं जाते-येते. एका जागी बसून राहणं ही माझी नोकरीही आणि माझा स्वभावही. पण त्या दिवसांत खुर्चीला पाठ टेकली की पाय उठायला बघायचे. नीट लावलेली पुस्तकं मी काढायची आणि पुन्हा तिथेच लावायची. संध्याकाळी घरी आले की अंगणातून परसात, परसातून अंगणात.

"एका जागी बस ना वं," आई म्हणायची. "मले तुले पाहूनच चक्कर येऊन राह्यली."

परसात बाबांची पांढरी घोडी होती, वरातीची. तीही एका जागी उभी राहत नव्हती. दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि दर खेपेला मागच्या उजव्या पायाचा सैल झालेला नाल फरशीवर खळकन वाजायचा. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि मग पुन्हा थापायला लागायची.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, बुद्धवंदनेचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नालबंद आले. बाबांचे जुने स्नेही, साठी उलटलेले, मोटारसायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधून गावोगाव फिरणारे. मी त्यांना लहानपणापासून भाऊ म्हणते. त्यांनी घोडीच्या पायाला हात लावला मात्र, तिनं लाथ झाडली. पेटी उलटली आणि खिळे परसभर सांडले.

"नाई म्हणते," खिळे वेचता वेचता ते म्हणाले. "पण हा नाल असाच राह्यला तर एक दिवस फिरते. खिळा तळव्यात जाते. मग घोडी जन्माची लंगडी."

"बांधून ठोकता येणार नाही का, भाऊ?"

"येते ना. ओठाले दोरीचा पिळा मारला की कोनतंही जनावर उभं राह्यते. पण मंग ते पुन्हा कोनावर भरोसा ठेवत नाई. ही घोडी लेकरं पाठीवर घेऊन फटाक्यात उभी राह्यते, काऊन? तुह्या बापानं एकदाबी तिले बांधून नाल ठोकू देला नाई मले. तो पाय हातात धरे अन मी ठोको." त्यांनी पेटी पुन्हा बांधली. "आता तू धर. धरता आला की फोन कर. दोन-तीन हप्ते थांबते हा नाल. जास्त नाई."

आईनं त्याच दिवशी मला दुसरी गोष्ट सांगितली. शेजारच्या तालुक्यातला एक बँडवाला घोडी विकत मागत होता. त्याला मी एका लग्नात पाहिलं होतं. त्याच्या घोडीच्या वरच्या ओठावर दोरीचा जुना, केस न उगवणारा वण होता.

"मी तिले चारा टाकीन, पानी दाखवीन," आई म्हणाली. "पाय कोन उचलीन? तू? तू तर इतक्या वर्षांत तिच्याजवळ कधी गेली नाई. तीन हप्ते पाह्यते. मंग मी त्याले हो म्हनते."

आई खोटं बोलत नव्हती. बाबांची घोडी आमच्याकडे अकरा वर्षं होती आणि मी तिला खिडकीतून पाहिलं होतं, पुस्तकाच्या वरच्या कडेवरून.

पाहिलं होतं ते मात्र सगळं आठवत होतं. घोडीच्या ठाणाला चार खांब आणि वर कौलं, दार नाहीच. तरी बाबा आत जाण्याआधी खांबावर बोटांनी टकटक करायचे. शाळेत असताना मी हसले होते, तेव्हा म्हणाले होते, "दार नाई म्हनून का झालं? घर तर तिचं हाये." अंगाला हात लावायचा तो आधी डाव्या खांद्याला. तिनं कान मागे टाकले की एक पाऊल मागे यायचं. रागवायचं नाही, रेटायचं नाही. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं. वरातीतही त्यांचा एक नियम होता. नवरदेव कोणाचाही असो, त्यानं घोडीसमोर उभं राहून उघडा तळहात तिच्या नाकापुढे धरायचा. तिनं हुंगलं की मगच रिकिबीत पाय. आजोबांच्या काळी आमच्या वस्तीतल्या नवरदेवाला गावाच्या मुख्य रस्त्यानं घोडीवरून जाता येत नव्हतं. बाबांनी घोडीच आणली, आणि मग ज्यांच्या दारावरून आजोबा मान खाली घालून गेले त्यांची पोरंही तिच्यापुढे हात पसरून उभी राहिली. मित्र चिडवायचे, "सासऱ्याच्या आधी घोडीची परवानगी घे रे!" बाबा हसायचे, पण नियम मोडू द्यायचे नाहीत.

मी ते सगळं केलं. खांबावर टकटक केली, डाव्या बाजूनं गेले, तळहात पुढे धरला. ती हुंगायची, पण मी दोन पावलं आणखी गेले की तिचे कान मागे जायचे आणि कातडी शहारायची. मी मागे यायची. पुन्हा जायची. चार दिवस, पाच दिवस. खांद्याच्या पलीकडे माझा हात गेला नाही. मागच्या पायाची तर गोष्टच दूर.

सहाव्या दिवशी मी एक चूक केली, आणि ती पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचीच चूक होती. घोडा माणूस वासावरून ओळखतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बाबांचा खाकी सदरा खुंटीला तसाच होता. आईनं तो धुतला नव्हता. घाम, तंबाखूचा खर्रा आणि चण्याची धूळ, तिन्ही वास त्याला होते. आई दळण घेऊन गेली तेव्हा मी तो अंगात घातला.

मी अजून परसाच्या पायरीवर होते आणि घोडी खिंकाळली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. ती दोरी ताणून पुढे आली, कॉलरला नाक लावलं, मग बाहीला, मग माझ्या हनुवटीला. तिथे थांबली. एक लांब श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावरून मागे, परसाच्या दाराकडे बघू लागली. सदरा आला होता. माणूस मागून येत असेल.

मला तेव्हाच परत जायला हवं होतं. पण ती इतकी शांत उभी होती की मी वाकले आणि मागच्या पायाला हात घातला. तिनं मान वळवून बाही दातात धरली आणि फाडली. दंडाला ओरखडा आला, खोल नाही. तिनं मनात आणलं असतं तर हात राहिला नसता.

त्या दिवशी तिनं चारा खाल्ला नाही. संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून उभी होती. आईनं फाटकी बाही पाहिली आणि सदरा नाकाशी धरला.

"माह्याजवळ तेवढा एक वास होता," ती म्हणाली. "आता त्याले तुह्या पावडरचा वास आला."

मी सदरा घडी करून तिच्या उशाशी ठेवला. दोघींनाही मी एकाच दुपारी फसवलं होतं. त्यानंतर दोन दिवस घोडी माझा तळहातही हुंगेना.

मी नालबंदांना फोन केला. सदऱ्याचं सांगितलं. मला वाटलं ते रागावतील. ते हसले, मग खोकले.

"तू तिच्यासंग बोलते का?"

"बोलू काय, भाऊ?"

"म्हंजे चूपचाप जाते. अवं, न बोलता कोन येते तिच्या मागून? वाघ येते. माणूस बोलत येते. तुह्या बापाचं तोंड कधी बंद होतं का ठाणावर?"

फोन ठेवल्यावर मी परसाच्या पायरीवर बसले आणि लगेच उठले. आमच्या शेतांच्या पलीकडे जंगल आहे. धान कापायला जाणाऱ्या बाया घोळक्यानं जातात आणि मुद्दाम मोठ्यानं बोलतात. एकटा निघालेला माणूस मोबाईलवर गाणं लावतो. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. आणि मी हलक्या पावलांनी, वाचनालयातल्यासारखी, श्वाससुद्धा दाबून तिच्या मागच्या पायाकडे जात होते. ते मला सभ्यपणाचं वाटत होतं.

बाबा ठाणावर सारखे बोलायचे. आज ऊन किती, कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी साचलं, कोणाचं लग्न ठरलं. घरात शिरले की गप्प व्हायचे. गप्प होण्याचं कारण मी होते. शाळेत असल्यापासून मी खिडकीतून ओरडायची, "बाबा, हळू बोला ना, वाचू द्या." मग ते आवाज खाली आणायचे. कधी कधी पूर्ण बंद करायचे.

मला बोलायला काही सुचेना. पहिल्या दिवशी मी कॉलेजात आलेल्या नव्या पुस्तकांची नावं सांगितली. घोडीनं एक कान माझ्याकडे वळवला. दुसऱ्या दिवशी बसला झालेली गर्दी सांगितली, कंडक्टरशी भांडलेली म्हातारी सांगितली. बोलत बोलत हात खांद्यावरून पाठीवर गेला. कान मागे गेले की मी एक पाऊल मागे यायची, पण बोलणं थांबवायची नाही. चौथ्या दिवशी हात तिच्या मागच्या मांडीवर गेला. तोवर माझ्याजवळची वरवरची बोलणी संपली होती.

मग मी तिला ते सांगितलं जे आईलाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी बाबा खिडकीशी आले होते. म्हणाले, "मागचा उजवा नाल हालून राह्यला. दोरी धरते का दोन मिनिटं?" मी म्हणाले, "येते, दोन पानं राहिली." दोन पानांची पाच झाली. मी गेले तेव्हा ते खांबाला टेकून बसले होते, आणि घोडी त्यांच्यावर मान वाकवून उभी होती. डॉक्टर म्हणाले, आधी आली असतीस तरी काही झालं नसतं. असेल तसं. पण दोरी तर धरली असती.

हे सांगताना माझा आवाज फुटला, चढला, उतरला. मी थांबले नाही. माझा हात कधी खाली गेला मला कळलं नाही. घोडीनं वजन दुसऱ्या पायावर टाकलं आणि खूर माझ्या तळहातात दिला. जड होता आणि ऊन होता. मी पाचसहा श्वास तो धरला आणि ती मागेल त्याच्या आधी खाली ठेवला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नालबंद आले. दुसऱ्या दिवशी बँडवाला यायचा होता. आई पायरीवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. भाऊंनी खांबावर टकटक केली. मी बोलायला लागले, जे तोंडाला येईल ते. एकेक पाय मी उचलून धरला; पुढचे दोन आणि मागचा डावा, तिन्ही पायांना नवे नाल बसले.

"हेच तोंड कॉलेजात चालवलं असतं तर प्राचार्य झाली असती," खिळे दातात धरून भाऊ म्हणाले.

मग मागचा उजवा. मी उचलला. तिनं सैल नाल काढू दिला, खूर कोरू दिला. पण नवा नाल टेकवून भाऊंनी हातोडा मारला तशी ती थरथरली आणि कान पार मागे गेले. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला बाबांचा हात तिच्या पायाखाली असायचा. सैल नालानं हुळहुळ्या झालेल्या या पायाला माझा हात अजून पुरत नव्हता.

"धरून ठेव," आई पायरीवरून म्हणाली. "एवढं तर झालं."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी हातोडा खाली घेतला. मी पाय खाली ठेवला.

"बरं केलं," ते म्हणाले. "जुना नाल निघाला, आता खिळा लागाची भीती नाई. हप्ताभर मातीवरच ठेव, फरशीवर आनू नको. मी येतो पुन्हा. नाई म्हणाली तर पुन्हा येतो."

ते गेल्यावर आईनं बँडवाल्याला फोन लावला. "नाई जी. आमची पोरगी पाय उचलते तिचा." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "तीन झाले," आई म्हणाली. "चौथा व्हाचा हाये."

मला अजूनही बसवत नाही. संध्याकाळी मी घोडीची दोरी धरून परसाच्या मातीत फेऱ्या मारते. विहिरीपाशी दगड पुरलेला आहे तेवढ्यावरून तिला न्यावंच लागतं. तीन टणक आवाज येतात आणि चौथा मऊ. तेवढ्यात मी बोलायची थांबले, तर ती उभी राहते आणि मान वळवून माझ्याकडे बघते. मग मला पुढचं काहीतरी सांगावं लागतं.